वाटेवरचे शहाणपण

मालवणच्या बंदरावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे प्रथम दृष्टीस पडतो तो सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याची पायाभरणी केली. महाराजांनी हेच बेट का निवडले, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने ओहोटीच्या वेळी समुद्राकडे पाहावे. भरतीच्या पाण्याखाली दडलेले काळे खडक तेव्हा ठिकठिकाणी डोके वर काढतात. वाट पुरती ठाऊक असलेल्या तांडेलालाच त्यांच्यामधून नाव आत आणता येते. शत्रूच्या गलबतांना दूर ठेवणारे हे खडक पुढे मुंबईच्या आगबोटींनाही दूरच ठेवू लागले. मोठी बोट मालवणच्या किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, भोंगा वाजवी आणि किनाऱ्यावरून पडाव येण्याची वाट पाही.

हा जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि त्याला या किल्ल्याचेच नाव मिळाले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून येथील घराघरांतील एकदोन माणसे मुंबईस असत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी छापखान्यात कामाला असे. लालबाग-परळ-गिरगावच्या चाळींतून एकेका गावाची स्वतःची खोली असे. गावाहून नवा मुलगा आला की तो प्रथम तेथे उतरे. वळकटी पसरण्यापुरती जागा, खानावळीतील जेवण आणि महिन्याच्या शेवटी घरी जाणारी मनिऑर्डर, असा त्या चाकरमान्यांचा संसार होता. वर्षातून एकदा गावी जावयाचे, हा त्या संसारातील मोठा सण.

आता गावी जावयाचे म्हणजे सुट्टीचा अर्ज केला आणि निघाले, इतके ते सोपे नव्हते. पाऊस सुरू होण्यापूर्वी बोटी बंद होत, आणि समुद्र शांत झाल्यावाचून त्या पुन्हा सुटत नसत. मधल्या काळात जावयाचेच झाले, तर कोल्हापूरपर्यंत आगगाडीने आणि तेथून घाट उतरून मोटारीने, असा लांबचा वळसा पडे. त्यामुळे वैशाखातील सुट्टीवर सर्वांचा डोळा असे. कोणत्या तारखेच्या बोटीने निघावयाचे, बरोबर कोण कोण आहे, कोणाच्या हाती कोणासाठी काय धाडावयाचे, याची चर्चा गावाच्या खोलीत महिनाभर आधीपासून सुरू होई. आठ दिवसांची रजा मिळालेल्या माणसाचा जाण्यायेण्यात एक दिवस जरी फुकट गेला, तरी म्हाताऱ्या आईजवळ बसण्याचा एक दिवस कमी होई. म्हणूनच त्या चर्चेला महत्त्व होते. ज्याने दहा वेळा बोटीचा प्रवास केला आहे, त्याच्या तोंडाकडे पहिल्यांदा निघालेले तरुण लक्ष देऊन पाहत असत.

अशा अनुभवी माणसाचे सांगणे कोणी कागदावर उतरवून ठेवले नाही. तरी ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात राहिले. भाऊच्या धक्क्यावर बोटीच्या वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचावे, हे त्यातील पहिले. डेकच्या तिकिटावर जागेचा क्रमांक नसे. जो आधी चढेल आणि वळकटी पसरील त्याची जागा. पण आधी चढणाऱ्यानेही कोठे बसावे हे समजून बसावयाचे असते. बोटीचे नाक लाटांवर सर्वांत अधिक वरखाली होते, शिवाय तेथे तुषार उडतात. यंत्राच्या जवळ उष्णता आणि तेलाचा वास. म्हणून बोटीच्या मध्याच्या आसपास, पण यंत्रापासून जरा दूर, अशी जागा धरावी. झोपाळ्याच्या फळीला मध्ये खिळा मारून ती दोन्ही टोकांना हलविली, तर टोके पुष्कळ हलतात आणि मध्य जवळजवळ स्थिर राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या सूचनेचे कारण सांगावे लागणार नाही. बोट दक्षिणेकडे जाते, तेव्हा दुपारनंतरचे ऊन उजव्या अंगाने येते. सबब डाव्या अंगाला बसावे. त्या बाजूने किनाराही दिसतो, आणि मुलांना गावे दाखविता येतात.

खाण्यापिण्याचे नियम याहून कडक होते. बोट लागू नये म्हणून कित्येक नवखे लोक उपाशीच निघत, आणि त्यांनाच ती अधिक लागे. पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. दशमी, चुरमुरे, कोरडा लाडू असे थोडे थोडे खावे, जवळ लिंबू, आवळा किंवा सुंठेचा तुकडा ठेवावा. जीव कासावीस होऊ लागला, तर खाली पायांकडे न पाहता दूर, जेथे पाणी आणि आकाश मिळते त्या रेषेकडे पाहत राहावे. कान सांगतात की शरीर हलत आहे आणि डोळे सांगतात की आजूबाजूचे सारे स्थिर आहे, या दोन साक्षींचा मेळ न बसल्यामुळे बोट लागते, असे शास्त्रज्ञ आज सांगतात. मालवणच्या म्हाताऱ्यांना कानाच्या आतील रचना ठाऊक नव्हती, पण क्षितिजाकडे पाहण्याचा उपाय ठाऊक होता.

समुद्रावरची ती रात्र मोठी गमतीची असे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे एकामागून एक येत आणि प्रत्येक ठिकाणी काही माणसे उतरत. शेजारी बसलेला मनुष्य अनोळखी असला, तरी अर्ध्या घटकेत त्याचे गाव, घराणे आणि गावातील एखादा समान सोयरा निघेच. मग एकाचे लाडू दुसऱ्याच्या पानात आणि दुसऱ्याचा चिवडा तिसऱ्याच्या. झोपण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारून ठेवावयाचे, ‘आपण कोठे उतरणार?’ तो देवगडला उतरणारा असेल, तर त्याला सांगून ठेवावे की उतरताना मला जागे करा. कारण देवगडनंतर मालवण. जो गाढ झोपून राहिला, त्याला थेट वेंगुर्ल्यास उतरावे लागे, आणि आठ दिवसांतील एक दिवस तेथेच संपे.

खरी परीक्षा मात्र मालवण आल्यावर असे. उजाडण्यापूर्वीच्या अंधुक प्रकाशात बोट नांगर टाकी. किनाऱ्याकडून पडाव येऊन तिच्या अंगाला भिडत. बोट मोठी, ती संथपणे डोले. पडाव लहान, तो प्रत्येक लाटेबरोबर हातभर वर येई आणि हातभर खाली जाई. या दोहोंमधील हलत्या फटीवरून म्हाताऱ्या बायका, तान्ही मुले, आजारी माणसे आणि पत्र्याच्या ट्रंका पलीकडे न्यावयाच्या. पाय चुकीच्या क्षणी उचलला तर दोन नावांच्या मध्ये माणूस सापडण्याची भीती. अशा वेळी पडावातील खलाशी हात पुढे करून ओरडे, “झिला, भिया नको! पडाव वर इलो काय मगेच पाय टाक!” पडाव खाली जात असता उडी मारणाऱ्याला तो आणखी खाली गेलेला सापडतो, तो लाटेच्या माथ्यावर येऊन क्षणभर थांबतो, तोच क्षण पाऊल टाकण्याचा. हे वाचून समजते, पण पहिल्या खेपेस पाय उचलत नाही. म्हणून जाणती माणसे नवख्याला आधी चारपाच जणांचे उतरणे पाहावयास लावीत, आणि मग त्याला पुढे करीत. त्या वेळी दोन्ही हात मोकळे असावेत, हा नियम. पैसे कनवटीला किंवा पदराच्या गाठीत, सामान दोरीने आधी खाली सोडलेले, आणि मूल स्वतः न नेता खलाशाच्या हाती दिलेले. आईला ही शेवटची गोष्ट फार कठीण वाटे. तरी ती ऐकावीच लागे.

असे शहाणपण गोळा करून त्याचे पुस्तक लिहिणारा एक मनुष्य जपानात होऊन गेला. त्याचे नाव यासुमी रोआन. त्याने १८१० साली ‘र्योको योजिन्शू’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या नावाचा अर्थ प्रवासातील सावधगिरीचा संग्रह असा होतो. त्या काळी जपानी लोकांस देशाबाहेर जाण्याची बंदी होती. देशातल्या देशात फिरावयाचे तरी हमरस्त्यांवरील नाक्यांवर परवाने दाखवावे लागत. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तेथून क्योतोपर्यंत जाणाऱ्या तोकाइदो या प्रसिद्ध मार्गावर मुक्कामाची ५३ ठाणी होती. सुमारे ५०० किलोमीटरचा हा रस्ता सामान्य माणसे पायी चालत, आणि त्यास दोन आठवडे लागत.

एवढ्या अडचणी असूनही लोक निघत, कारण इसे येथील देवस्थानाला आयुष्यात एकदा तरी जाऊन यावे, अशी प्रत्येकाची इच्छा असे. गरीब शेतकऱ्याला एवढा खर्च झेपणे अशक्य. म्हणून गावोगावी मंडळे स्थापन होत. प्रत्येक सभासद थोडी थोडी वर्गणी देई, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो सर्वांच्या वतीने यात्रेला जाई. पुढच्या खेपेस दुसऱ्याची पाळी. आपल्याकडील भिशी आणि पंढरीची वारी ही दोन्ही एकत्र केली, म्हणजे या मंडळांची कल्पना येईल. लालबागेतील गावाच्या खोलीत बसून वर्गणीचा हिशेब करणाऱ्या चाकरमान्याला ती परकी वाटली नसती. ज्याला गावाने आपल्या पैशांनी धाडले, तो वाटेत आजारी पडला किंवा लुबाडला गेला, तर साऱ्या गावाचेच नुकसान होणार. रोआनचे पुस्तक अशा माणसाच्या उपयोगी पडणारे होते.

त्यात प्रवाशासाठी एकसष्ट सूचना आहेत. पहिल्याच दिवशी उत्साहाने फार चालू नये, पायांतील वहाणा नीट बसल्या आहेत की नाहीत हे पाहत शांतपणे चालावे आणि सुरुवातीचे दोनतीन दिवस वारंवार विश्रांती घ्यावी, असे तो आरंभीच सांगतो. ज्याने कधी लांबचा पल्ला पायी गाठला आहे, त्याला या सूचनेचे मोल कळेल. पहिल्या दिवशी उठलेला फोड शेवटच्या दिवसापर्यंत छळतो. धर्मशाळेत उतरल्यावर काय करावे? आपण आधी हातपाय धुऊन जेवणाची चौकशी करू. रोआन म्हणतो, आधी दिशा विचारून घ्या, घराची रचना पाहा, शौचकूप कोठे आहे, पुढचे दार कोणते, मागचे दार कोणते, हे ध्यानात ठेवा. रात्री आग लागली, चोर आला किंवा भांडण उसळले, तर अंधारात वाट शोधण्याची पाळी येऊ नये. जपानातील घरे लाकडाची आणि दारे कागदाची. आगीचे भय तेथे नित्याचे होते. सामान होईल तितके थोडे घ्यावे; पुष्कळ वस्तू घेतल्याने सोय होण्याऐवजी काहीतरी हरविण्याचाच संभव अधिक. मोठा घोळका करून निघू नये, आणि दारूच्या आहारी गेलेल्या माणसाची सोबत करू नये, असेही त्याने बजावले आहे.

पुस्तकात आणखी पुष्कळ मजकूर आहे. देशभरच्या उष्ण झऱ्यांची यादी आहे, हवामान ओळखण्याच्या खुणा आहेत, नावेत किंवा पालखीत मळमळू लागल्यास करावयाचे उपाय आहेत. त्यांतील कित्येक उपाय आज केवळ मौजेने वाचावयाचे. पण रोआनची विचार करण्याची रीत जुनी झालेली नाही. तो प्रवाशाला भिववीत नाही आणि ‘चिंता करू नका’ असे म्हणून त्याची बोळवणही करीत नाही. काय बिघडू शकते हे तो आधी सांगतो आणि मग त्यावर हाताशी असलेला उपाय सांगतो.

सहप्रवाशाचा सल्ला ही वेळ घालविण्याची गोष्ट नव्हे, हे कोकण किनाऱ्याने फार दुःखाने अनुभवले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तो आषाढ अमावास्येचा दिवस होता. घरी जाणाऱ्यांची बोटीवर गर्दी झाली होती. अंतर थोडे, रोजच्या जाण्यायेण्याचे. पण दिवस ऐन पावसाळ्याचे होते. वाटेत वादळी वारा सुटला. काशाच्या खडकाजवळ प्रचंड लाटांनी बोट एका अंगाला कलली, तिच्यात पाणी शिरले, भयभीत झालेल्या माणसांची एकच धावपळ उडाली आणि पाहता पाहता बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या त्या ठिकाणी वळविल्या आणि पाण्यातून कित्येकांना वर काढले, म्हणून तेवढी तरी वाचली.

बोट पाण्यावर उभी राहते ती तिच्या वजनाच्या समतोलामुळे. लाटेने ती थोडी कलली, तर पाण्याचा दाब तिला पुन्हा सरळ करतो. परंतु शेकडो माणसे एकदम एका बाजूला लोटली, तर तेवढे वजन त्या बाजूला जाऊन पडते, आणि सरळ होण्याची तिची शक्ती संपते. माणसाचे पाय भीतीने आपोआप धावतात. त्यांना जागच्या जागी थांबविणे ही सोपी गोष्ट नाही. ती वेळ येण्यापूर्वीच कोणी सांगितले असेल, आणि ते मनात मुरले असेल, तरच ते त्या क्षणी आठवते. ‘रामदास’ बुडाली ती मालवणपासून फार दूर. पण त्यानंतर किनाऱ्यावरील घरोघरी बोटीने निघणाऱ्या मुलांना आया सांगू लागल्या की, काही झाले तरी जागचा हलू नकोस.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून कोकणात येणाऱ्या प्रवासी बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि एका रात्रीत कणकवली-कुडाळ गाठता येऊ लागले. समुद्राचा प्रवास संपला, तशी त्याविषयीची बोलणीही संपली. डेकवर कोठे बसावे आणि पडावात पाऊल केव्हा टाकावे, हे सांगणारी माणसे एकेक करून गेली. जे राहिले त्यांना आता कोणी विचारीत नाही, आणि विचारल्यावाचून अशी गोष्ट कोणी सांगत नाही. रोआनची वचने कागदावर होती, ती दोनशे वर्षे टिकली. मालवणची तोंडी होती. अर्थात तोंडी सांगण्याला एक मोठा गुण असतो. सांगणारा समोरच्या माणसाकडे पाहून सांगतो. म्हातारीला एक, तरुणाला दुसरे. पुस्तकाला तसे करता येत नाही.

आज मालवणच्या एखाद्या कुटुंबाने जपानच्या सहलीचा बेत केला, तर त्यांना रोआनच्या पुस्तकाची वाट धरता येईल. तोकाइदोच्या त्याच दिशेने १ ऑक्टोबर १९६४ पासून शिनकान्सेन ही वेगवान आगगाडी धावते. तोक्योहून ओसाकाला आता अडीच तास पुरतात. सामान थोडे घ्या, ही सूचना तेथे आता निराळ्या रूपाने पाळली जाते. या मार्गावरील गाडीत लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी पेटी न्यावयाची असेल, तर २०२० पासून त्यासाठी आसन आधीच राखून ठेवावे लागते. पुष्कळ जपानी प्रवासी मोठी पेटी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचविणाऱ्यांच्या हवाली करतात आणि स्वतः एक पिशवी घेऊन हिंडतात. निवासस्थानी उतरल्यावर बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा, ही सूचना तर तेथे भूकंपामुळे अधिकच खरी ठरते. खोलीच्या दारामागे त्याचा नकाशा लावलेला असतो. तो पहिल्या पाच मिनिटांत वाचावा आणि मुलांना जिन्यापर्यंत एकदा चालवून आणावे.

मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या आरंभी तेथे चेरीचा बहर येतो, आणि त्या दिवसांत राहण्याची जागा मिळणे कठीण जाते. एप्रिलच्या शेवटी सुट्ट्यांचा आठवडा असतो, तेव्हा गाड्या भरून जातात. वैशाखातील बोटीची तारीख महिनाभर आधी ठरविणाऱ्या आजोबांच्या नातवाला हे निराळे समजावून सांगावयास नको. घरात आणि जुन्या धर्तीच्या खाणावळीत पादत्राणे दाराशीच काढावयाची, हेही आपल्या माणसाला शिकवावे लागत नाही. जेवणाच्या बाबतीत मात्र शाकाहारी माणसाने सावध असावे. वरून केवळ भाजीची दिसणारी आमटी पुष्कळदा सुक्या माशाच्या पाण्यात केलेली असते. मालवणचा मनुष्य या गोष्टीची तक्रार करील असे वाटत नाही. त्याला नारळाची आणि तिरफळांची आठवण येईल, एवढेच.

मालवणच्या धक्क्यावरून आजही एक लहानसा जलप्रवास होतो. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ला पाहणाऱ्यांना घेऊन होड्या त्या जुन्या खडकांमधून जातात. घाटावरून आलेली शाळेची मुले होडीत चढली, की किल्ला ज्या बाजूला दिसतो त्या बाजूला ती सारी एकदम झुकतात. मग मागे बसलेला होडीवाला उठतो आणि जोराने सांगतो, “एका बाजूक गर्दी करू नका! अर्धी पोरां हयसून थय बसा!” मुले हसत हसत जागा बदलतात, आणि होडी सरळ होऊन पुढे चालू लागते.